कंदीलवाला, भाग सातवा

रात्री साडेदहा. गंगावेशीत
धारोष्ण दुधाचा पेला हातात,
ओठावर फेस, आणि इक्लासनं बातमी दिली:
परत पुढं गेला.
चौथ्यांदा.

खरं नाव जपानी. आमच्या जिभेवर कधी बसलंच नाही.
राजारामपुरीत, तासाला पंधरा रुपये,
त्या फाटक्या खुर्च्यांवर आम्हीच बारसं केलं: कंदीलवाला.
पाठीत वाकलेला म्हातारा, चकार शब्द न बोलणारा,
अंधाऱ्या खोऱ्यातनं जातो दिवे लावत.
एवढंच. सहा भाग एवढंच.
एक चाल तुमची, एक अंधाराची.
मधे विचार करायला हवा तेवढा वेळ.

आता सातव्यात म्हणे कंदील एका पोरीच्या हातात.
ती बोलते, पळते, कड्यावरनं उड्या टाकते,
आणि अंधार तुमच्यासाठी थांबत नाही.

तेजपाल मगदूम पेला आपटतो.
"म्हातारा काढला म्हणजे राहिलं काय गा?
तांबडा रस्सा म्हणून टोमॅटोचं सूप वाढायलेत."
"चौथ्या भागालाही हेच म्हणालास," अन्विता म्हणते,
"पूल तरंगता केला तेव्हा.
आठवडाभर शिव्या घातल्यास, मग
तीनदा खेळून संपवलास."
"ते येगळं."
"कसं वेगळं?"
"तवा मी एकवीस वर्षांचा हुतो."

कुणी हसलं नाही.
म्हैस तेवढी शेपूट हलवत राहिली.

दिग्विजयला बदलाचं काही नाही.
त्याचं भांडण तारखेशी.
रजेसाठी साहेबाला दोनदा कावीळ सांगून झाली,
एकदा चुलत्याचा बारावा.
"आता तिसऱ्यांदा काय होऊ मला, सांगा की.
नऊ वर्षं! नऊ वर्षांत माणूस डॉक्टर होतंय मर्दा,
ह्यास्नी एक खोरं रंगवून हुईना?"

एवढ्यात तेजपालचा फोन वाजला. पुण्याची पार्टी.
पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर, दीड महिना लांबलेली.
तो दोन पावलं बाजूला गेला, तरी ऐकू येत होतं:
"मंगळवारी नक्की, साहेब.
न्हाई न्हाई, गडबड करून चालत न्हाई त्यात.
गरम साचा फोडला तर माल तडकतोय,
मग तुमीच परत पाठवणार..."
फोन ठेवून वळला, तर आम्ही सगळे त्याच्याकडं बघत.
"काय?" म्हणाला.
"काय न्हाई," दिग्विजय म्हणाला. "दूध पी."

इक्लास गप्प होता मघापासनं.
उद्यमनगरात पॅटर्न बनवतो तो, लाकडाचे;
वडलांच्या हातचे जुने अजून माळ्यावर आहेत.
बोटानं पेल्याचा काठ पुसत म्हणाला,
"म्हाताऱ्याला चालवणारा माणूसच गेला असंल सोडून.
नव्याला जमंना झालं असंल ते पाय ओढणं.
मग म्हणाले असतील, पोरगी घेऊया.
असं बी असतंय."
अन्विताला हे पटलं नाही.
"पोरगी म्हणजे काय तडजोड?
पंधरा वर्षं मी त्या म्हाताऱ्याच्या पाठीमागून चालले,
कुणी विचारलं, तुला कंदील धरायचाय का?"
ह्यावर मात्र तेजपालही काही बोलला नाही.
पैसे त्यानंच दिले.

घरी आलो. झोप नव्हती.
तिसरा भाग लावला, जुना, चौकोनी दगडांचा.
म्हातारा पुलाच्या अलीकडं उभा,
सोडला होता तिथंच.
पृथा उठून आली डोळे चोळत,
मांडीत बसली. दहा वर्षांची आहे,
आता मांडीत मावत नाही खरं तर.
"हा पळत का नाही, बाबा?"
"तेल सांडंल म्हणून."
बोलून गेलो, आणि माझं मलाच नवल वाटलं;
इतक्या वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं.
तिनं थोडा वेळ पडद्याकडं बघितलं.
"मग त्या नवीन ताईचं नाही सांडणार?"

"उद्या गंगावेशीत विचारतो," म्हटलं.

कंट्रोलर तिच्या हातात होता.
चाल टाकायच्या आधीच झोपली.
पलीकडं अंधार, तसाच थांबलेला.